काजू बी मे महिन्यातच तालुका सोडतं: कोल्हापूरच्या टोकाकडच्या एका क्लस्टरचं प्रकरण

(गावाचं नाव, माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदललेत. घडलेला क्रम तोच आहे.)

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्हा म्हटलं की बाहेरच्याला ऊस, साखर कारखाने, दूध, फाउंड्री एवढंच दिसतं आणि ते काही खोटं नाही, पण हे सगळं करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल या पट्ट्यात. सह्याद्रीकडे सरकत गेलात की शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड, इथं गणित बदलतं. पाऊस धो धो, जमीन उताराची, घरटी एकतरी पोरगा मुंबईला. हे प्रकरण आजरा-चंदगड बाजूच्या काजू प्रक्रियावाल्यांचं आहे. तीसेक छोटी युनिट (एकाच धंद्यातल्या अशा समूहालाच क्लस्टर म्हणतात), बहुतेक घराच्या मागच्या शेडमधली, एक बॉयलर, चार-सहा कटर आणि गावातल्याच बायका कामाला.

काजू इथं डोंगरउतारावर आधीपासून होताच, पण लागवड खरी वाढली ती १९९० नंतर, रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा. झाडं लावायला सरकारनं पैसे दिले, लोकांनी वरकस जमिनीत लावली, आणि दहा-पंधरा वर्षांत माल यायला लागला. पण त्या मालाचं पुढं काय करायचं याचा विचार त्या योजनेत नव्हताच. जिथं कच्चा माल तिथं कारखाना आपोआप येतो असं कुणीतरी गृहीत धरलं असावं.

आता महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोल म्हटलं की चर्चा कुठं जाते ते सगळ्यांना माहितीय. १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली, १९८४ ला अहवाल आला, त्यात जिल्हा हे एकक धरून राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागं ते मोजलं आणि सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. मग घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ ला तीन विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला. हे सगळं गरजेचं होतं, विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झालाच आहे, त्यात वाद नाही. पण एककच जिल्हा धरलं की कोल्हापूर 'पुढारलेला' या खान्यात बसतो आणि त्याच्या पोटातला घाटाकडचा तालुका दिसेनासा होतो, कारण शिरोळचा ऊस त्याची सरासरी वर ओढतो. तालुका बघणारी योजना नाहीच असं नाही, १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट पडतात, जितका मागास तितकी सवलत जास्त. पण त्यातला मोठा भाग कर परतावा, वीज शुल्क माफी, व्याज सवलत असा, म्हणजे आधी खिशातून घाला मग मागून घ्या. परसातल्या शेडवाल्याला त्याचा उपयोग किती?

त्यात 'एक जिल्हा एक उत्पादन' आलं. कोल्हापूरचं उत्पादन ठरलं गूळ. गुळाचा हक्क आहेच, शंका नाही, पण ज्या गावात गुऱ्हाळच नाही तिथल्या माणसानं काय करायचं?

अडचण नेमकी कुठं होती

या युनिटवाल्यांचा गट पहिल्यांदा आमच्याकडं, म्हणजे त्यांना योजना आखायला मदत करणाऱ्यांकडं, कोल्हापुरात आला तेव्हा मागणी तयारच होती: मशीन पाहिजे. ऑटोमॅटिक कटिंग लाइन, कलर सॉर्टर, व्हॅक्यूम पॅकिंग. गोव्याकडं कुणीतरी बघून आलेलं, मोबाईलमध्ये व्हिडिओ होता.

आम्ही म्हटलं मशीन नंतर बघू, आधी एक पोतं कुठून कुठं जातं ते सांगा. दोन-तीन बैठका त्यातच गेल्या आणि लोक वैतागले, पण खरं चित्र तिथंच बाहेर आलं.

काजू बी निघतं साधारण मार्च ते मे. बी नीट वाळलं तर वर्षभर टिकतं, ओलं राहिलं तर आतला गर काळा पडतो, बुरशी धरते. आणि नेमका मे मध्ये या भागात वळीव लागतो. शेतकऱ्याकडं वाळवायला खळं नाही, ठेवायला जागा नाही, वर शाळेची फी, लग्नं, पेरणीची तयारी. मग एजंट बांधावर येतो, वजन करतो, रोख देतो आणि माल उचलून बेळगाव, गोवा, सिंधुदुर्गाकडं पाठवतो. आपल्या युनिटवाल्यांच्या हातात त्याच महिन्यात रोख पाहिजे आणि ती नसते, कारण दिवाळीचा माल विकून आलेले पैसे तोवर संपलेले असतात. त्यामुळं ते तीन-चार महिने पुरेल एवढंच बी घेतात. गणपतीच्या आसपास शेड बंद पडायला लागतात. मग तेच बी, आपल्याच डोंगरावरचं, व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं परत आणायचं नाहीतर आफ्रिकेचं आयात बी घ्यायचं.

म्हणजे दिवाळी तोंडावर, काजूला खरी मागणी आत्ता, आणि शेडला कुलूप.

गुन्नार मिर्डाल या अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये हेच मांडलं होतं, एकदा एका जागी भांडवल गोळा झालं की आजूबाजूचा पैसा, माणसं, माल सगळं तिकडंच खेचलं जातं आणि मागासलेला भाग आणखी मागं जातो. पुढच्याच वर्षी ज्याचं पुस्तक आलं तो दुसरा अर्थतज्ज्ञ हर्शमन थोडा आशावादी, त्याच्या मते उलटा ओघही कालांतरानं सुरू होतो आणि जोर धरतो. आमच्या गटाला दोन्ही ऐकवलं, त्यातला एकजण म्हणाला, "साहेब, तो उलटा ओघ कवा सुरू होणार तेवढं विचारून सांगा."

आणखी एक गोष्ट नकाशा समोर ठेवल्यावर लक्षात आली. पुस्तकात गाभा (पैसा-माणसं खेचणारं केंद्र) आणि परिघ (त्याच्या कडेचा भाग) असं असतं, आम्ही आपलं गृहीत धरलेलं की गाभा म्हणजे कोल्हापूर. पण या भागाचा बाजार बेळगाव आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. रताळी तिकडं जातात, दवाखाना तिकडं, लग्नाचा बस्ता तिकडं. आमची सगळी योजना कोल्हापूरच्या ऑफिसातून चालणार आणि पैसा वाहणार दुसऱ्या राज्यात. ही गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे उठून एमआयडीसीत जायचं, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत. रस्ता, वीज, पाणी सगळं आहे, हायवे लागून. यामागचा विचार जुना आहे, १९५५ मध्ये पेरू नावाच्या फ्रेंच अर्थतज्ज्ञानं विकासाचे ध्रुव ही कल्पना मांडली, एखादा जोरदार उद्योग वाढला की त्याला जोडलेले बाकीचे त्याच्याभोवती वाढतात, आणि मग जगभर सरकारांनी नकाशावर ठिपके मारून तिथं वसाहती उभ्या केल्या. कोल्हापूरकराला हे पटायला वेळ लागत नाही कारण आपल्याकडं शहरातच उद्यमनगर ही कारखान्यांची वस्ती आहे. पण उद्यमनगर काही नुसता ठिपका मारून उभं राहिलेलं नाही हो. शेतीला पाणी उपसायला ऑइल इंजिन लागली, ती दुरुस्त करता करता मेस्त्री तयार झाले, मग ओतकाम आलं, पॅटर्नवाला आला, आणि आज मोडका पार्ट घेऊन गेलात तर दोन गल्ल्यांत फिरून नवा करून मिळतो. मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८९० मध्ये लिहिलंय की अशा जागी धंद्याची गुपितं हवेतच असतात, पोरं न शिकवता शिकतात. ती हवा उचलून कागलला नेता येत नाही.

शिवाय वजनाचं गणित. ८० किलोच्या पोत्यातून गर निघतो साधारण २० किलो, बाकी बहुतेक टरफल. कारखाना कुठं असावा यावर लिहिणाऱ्या वेबरनं १९०९ मध्येच सांगितलंय, प्रक्रियेत वजन घटणारा माल असेल तर कारखाना मालाजवळ ठेवा, टरफलाचं भाडं कशाला भरता. याला एक पाचर आहे, आयात बी बंदरातून येतं, त्याला आजरा काय आणि कागल काय, सारखंच. गटातले दोघे-तिघे आयातीवरच जास्त चालायचे आणि त्यांना कागल खरंच सोयीचं होतं. पण बाकीच्यांसाठी प्रश्न बायकांचा होता. घरातलं आवरून, जनावरांचं बघून दहाला शेडवर येणारी बाई सत्तर-ऐंशी किलोमीटरवर कशी जाणार? चंदगड तालुक्यातच हलकर्णीची औद्योगिक वसाहत आहे, तो मधला मार्ग होता, पण प्लॉट आणि शेडचा खर्च प्रत्येकाला झेपणारा नव्हता.

दुसरा पर्याय मोठं सामाईक सुविधा केंद्र, केंद्राच्या एमएसई-सीडीपी या लहान उद्योगांच्या क्लस्टरसाठीच्या योजनेतून. किमान २० उद्योजकांची मिळून कंपनी करायची, कुणा एकाकडं १० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर नाही, केंद्राचं मोठं अनुदान, राज्याचा वाटा, उरलेले सभासदांचे. एका सल्लागारानं प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला, रंगीत, जाड, त्यात व्हिडिओतलं सगळं होतं. फक्त दोन गोष्टी नव्हत्या. ऑटोमॅटिक कटरला एकसारख्या आकाराचं बी लागतं, नाहीतर अख्ख्या गराऐवजी पाकळी आणि कणीच जास्त पडते, आणि आपल्याकडं एकाच बांधावर वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या सुधारित जाती आणि जुनी गावठी झाडं, सगळ्यांचं बी एकाच पोत्यात. दुसरं म्हणजे ती लाइन वर्षभर चालवायला बी कुठून आणायचं, त्यासाठी रोख कुठली, याबद्दल अख्ख्या रिपोर्टमध्ये एक परिच्छेद.

तिसरा पर्याय दिसायला अगदीच किरकोळ: सामाईक खळं, ड्रायर, गोदाम, आकारानुसार चाळणी आणि मालावर कर्जाची सोय. उद्घाटनाला फोटो चांगला येणार नाही असा.

चौथा, गोव्याच्या मोठ्या प्रक्रियावाल्याचं जॉबवर्क घ्यायचं. बी त्यांचं, मजुरी आपली. धोका शून्य, वाढही शून्य. याला कमी लेखायचं कारण नाही, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला हा पर्याय शहाणपणाचाच होता.

निर्णय आणि अंमलबजावणी

निर्णयाची बैठक कोल्हापुरात झाली, लोक पहाटेची एसटी पकडून आलेले. मशीनवाला गट मोठा होता आणि आवाजही मोठा. बाजू फिरली ती एका बाईमुळं, खरंतर त्या एका युनिट मालकाच्या आई म्हणून सोबत आलेल्या, वीसेक वर्षं स्वतः कटरवर बसलेल्या. राख आणि तेल चोळून काम केलं तरी टरफलाच्या चिकानं बोटं कायमची काळवंडलेली. त्या म्हणाल्या, "मशीन आणा की, माझी बोटं तरी वाचतील. पण बाळा, गणपतीनंतर त्या मशीनीत घालणार काय?" हॉल गप्प. मग गटाच्या अध्यक्षांनी तिसरा पर्याय पुढं घ्यायचा आणि मशीनचं दोन हंगामांनी बघायचं असं ठरवून टाकलं.

सोपं मात्र काहीच गेलं नाही. कंपनी झाली, पण जागा दोनपैकी कुणाच्या गावात यावर महिने गेले, शेवटी दोन्ही गावांच्या मधल्या फाट्यावर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं जागा घेतली, म्हणजे कुणीच जिंकलं नाही आणि कुणी हरलंही नाही. मोठी योजना सोडून प्रकल्प लहान केल्यावर एका ऑफिसात विचारलं गेलं की एवढ्याशा कामाला क्लस्टर कशाला म्हणायचं. रक्कम लहान केली की फाइल हळू चालते हा अनुभव आम्हालाच नाही, बऱ्याच जणांना आहे.

पैशाची अडचण अशी की अनुदानाच्या योजना शेड देतात, यंत्र देतात, बी विकत घ्यायला पैसे देत नाहीत. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, काजू बी त्यात बसतं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने. पण ती शेतकऱ्याच्या मालाला, व्यापाऱ्याच्या किंवा उद्योजकाच्या नाही. इथं गटाला पहिल्यांदा कळलं की शेतकरी सोबत नसेल तर गोदाम रिकामंच राहणार. मग बागायतदारांची उत्पादक कंपनी जोडून घेतली. शेतकऱ्यानं माल ठेवायचा, उचल घ्यायची, पुढं भाव ठरेल तेव्हा युनिटवाल्यानं त्याच्याकडून घ्यायचं. उद्योजकांसाठी एका बँकेशी बोलून गोदामातल्या मालावर कॅश क्रेडिटची मर्यादा बांधून घेतली, ती मागितल्यापेक्षा बरीच कमी मिळाली.

खरी कसोटी ओलाव्याच्या मीटरवर लागली. शेतकरी मूठभर बी कानाजवळ नेऊन खुळखुळवतो, आवाज आला की वाळलं. आणि इथं एक डबी आकडा दाखवणार आणि त्यावर भाव कापणार? पहिल्या आठवड्यात दोघं पोती परत घेऊन गेले. मग पद्धत बदलली. आधी शेतकऱ्यानं स्वतः खुळखुळवून सांगायचं वाळलंय की नाही, मग त्याच्यासमोर दोनदा मीटर लावायचा, आणि कुठल्या आकड्याला किती कपात ते फळ्यावर खडूनं लिहिलेलं. ओलं निघालं तर कपात घ्यायची का खळ्यावर वाळवून पुन्हा आणायचं, ते त्यानं ठरवायचं. बहुतेकांचा कान आणि मीटर जुळले हे विशेष, आणि तिथून भांडणं थांबली.

काय निष्पन्न झालं

पहिल्या हंगामात गोदाम अर्धंही भरलं नाही. दुसऱ्या वर्षी वळीव लवकर आला, उघड्यावरचं बी भिजलं, आणि त्या आठवड्यात खळ्यावर आणि ड्रायरपुढं रांग लागली. जाहिरातीनं झालं नाही ते पावसानं केलं. सहभागी युनिटपैकी बरीचशी आता दिवाळीच्या पुढंपर्यंत चालतात. चाळणीनं आकार वेगळा केल्यामुळं हातकटरवरसुद्धा अख्खा गर जास्त निघायला लागला आणि डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असा ग्रेड पाडून विकता येतो, आधी सगळं मिक्सच जायचं. बायकांची किलोमागची मजुरी थोडी वाढली, पण ती कुणाच्या मनाच्या मोठेपणानं नाही, शेड जास्त महिने चालू राहिल्यावर कामाला माणसं कमी पडायला लागली म्हणून.

काही सभासद गळाले. आयातवाले स्वतःच्या वाटेनं गेले, एकानं हलकर्णीत प्लॉट घेतला आणि त्याचं बरं चाललंय. मशीनचा विषय अजून निघतो.

मधल्या काळात २०२३ मध्ये राज्यानं काजू फळपीक विकास योजना आणली, त्यात कोकणातल्या जिल्ह्यांसोबत कोल्हापूरचे आजरा आणि चंदगड हे दोन तालुके घेतले. मला या सगळ्यात धोरण म्हणून सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आमच्या बघण्यात पहिल्यांदा कुणीतरी जिल्ह्याची हद्द सोडून पिकाची हद्द धरली. हीच नजर बाकीच्या योजनांतही आली असती तर आमचं अर्धं काम वाचलं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

बागायतदार पहिल्या दिवसापासून खोलीत पाहिजेत. आमच्याकडं ते तारण योजनेच्या नियमामुळं आले, विचारपूर्वक नाही. कंपनीच्या शेअरमध्ये कामगार बायकांना काहीच नाही, निर्णय फिरवला एका बाईनं आणि संचालक मंडळात बाई नाही. बचत गटामार्फत वाटा देता येईल का, हे कंपनी करतानाच बघायला हवं, नंतर कुणी आपला वाटा कमी करून देत नसतं.

प्रोजेक्ट रिपोर्टची फी प्रकल्पाच्या रकमेच्या टक्क्यांवर ठरवली तर रिपोर्ट मोठाच होणार, यात सल्लागाराला दोष देऊन उपयोग नाही. फी आधी ठरवा, ठोक. आणि पैसा कुठून गळतोय हे त्या रिपोर्टच्या पहिल्याच प्रकरणात लिहून घ्या, यंत्रांची यादी त्यानंतर.

बेळगावकडं पाठ करून बसणं ही धोरणाची सवय आहे, धंद्याची नाही. तिथले ठोक खरेदीदार गटाला फार उशिरा भेटले. राज्याची हद्द ओलांडून संयुक्त काम होतं, कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून मिळालं, तसं काजूच्या बाजारासाठी का नको, हे कुणीतरी वरच्या पातळीवर विचारायला पाहिजे.

आणि एक भोक अजून बुजलेलं नाही. गोदाम भरायला लागल्यावर एजंट काही घरी बसला नाही, त्यानं उचल द्यायची वेळ मे वरून जानेवारीवर आणली. झाडाला मोहोर असतानाच पैसे देतो आणि बी स्वतःच्या नावावर करून घेतो. तारण कर्ज मालावर मिळतं, मोहोरावर नाही. सध्या उत्पादक कंपनी सभासदांकडून वर्गणी काढून जानेवारीसाठी छोटा उचल निधी करायच्या खटपटीत आहे, आणि पहिली उचल कुणाला द्यायची यावर पुन्हा त्याच दोन गावांत वाद सुरू आहे.